जुन्या मोटारींतील वीज : झिजलेले भाग आणि हरवलेले भाग

मनुष्यानें घडविलेल्या यंत्रांना मरण दोन वाटांनीं येतें. एक वाट झिजण्याची आणि दुसरी हरवण्याची. झीज ही यंत्राच्या जन्माबरोबरच ठरलेली असते. ज्यानें यंत्र घडविलें त्यानें ती ओळखून तिची तरतूदहि करून ठेवलेली असते. हरवणें मात्र कोणाच्याच हिशेबांत नसतें. जुन्या मोटारगाड्या जतन करणाऱ्यांना हा भेद फार तीव्रतेनें जाणवतो. आणि गाडीच्या सर्व अंगांत तो जर कोठें अधिक स्पष्ट दिसत असेल, तर तो तिच्या वीज निर्माण करणाऱ्या यंत्रांत, म्हणजे प्रथम डायनामोंत आणि मागाहून त्याची जागा घेणाऱ्या अल्टरनेटरमध्यें. इंजिनाच्या कुशीला, पट्ट्यावर फिरणारें हें नारळाएवढें यंत्र सहसा कोणाच्या नजरेंत भरत नाहीं. परंतु जुनी वस्तु जिवंत ठेवावयाची म्हणजे नेमकें काय ठेवावयाचें, हा प्रश्न त्याच्या इतिहासांत जितक्या स्वच्छपणें उभा राहतो, तितका तो मोठमोठ्या इमारतींच्या इतिहासांतहि क्वचितच राहतो.

आरंभींच्या मोटारींना वीज अशी फारशी लागतच नसे. दांडा हातानें फिरवून इंजिन चालू करावयाचें, पुढचे दिवे ॲसिटिलीन वायूचे, मागचा दिवा तेलाचा आणि भोंगा रबरी फुग्याचा, अशी सारी व्यवस्था होती. विजेचें काम काय तें एवढेंच, कीं इंजिनांतील पेट्रोलच्या वाफेला ठिणगी द्यावी. ही ठिणगी देणारें मॅग्नेटो नांवाचें यंत्र जर्मनींत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यांनीं १९०२ सालीं उच्च दाबाचें करून दाखविलें. १९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटींच्या घरांत निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडींत तर मॅग्नेटो निराळें बसविण्याचाहि खटाटोप नव्हता. इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच सोळा लोहचुंबक जडविलेले असत आणि त्यांच्यासमोर तारेचीं सोळा वेटोळीं स्थिर ठेवलेलीं असत. चुंबकांनीं फिरावयाचें आणि वेटोळ्यांनीं जागच्या जागीं राहावयाचें, ही रचना लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढें अर्धें शतक लोटल्यावर अल्टरनेटरनें हेंच तत्त्व नव्या रूपानें पुन्हां स्वीकारलें. १९१५ पासून मॉडेल टीचे पुढचे दिवेहि याच मॅग्नेटोवर चालूं लागले. इंजिन मंदावलें कीं दिवे मिणमिणत आणि इंजिन जोरांत आलें कीं तेच दिवे डोळे दिपवीत. चढणीवर गाडी रखडूं लागली म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळींच प्रकाश नाहींसा होई.

हें परावलंबन संपविलें तें बॅटरीनें, आणि बॅटरीला गाडींत कायमचें स्थान मिळवून दिलें तें स्टार्टरनें. हातदांडा उलटा फिरून माणसाचें मनगट मोडल्याचे प्रकार त्या काळीं नित्याचे होते. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर बसला, आणि त्याबरोबर मोटारीचें स्वरूपच पालटलें. स्टार्टर आला म्हणजे त्याला भरपूर वीज देणारी बॅटरी आली. बॅटरी आली म्हणजे तिची रोजची तूट भरून काढणारा डायनामो आला. पुढें विजेचे दिवे, विजेचा भोंगा, कांच पुसणारा वायपर अशी एकेक भर पडत गेली. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें तेलाचे दिवे विकून नांवारूपास आलेली जोसेफ लुकास यांची पेढी याच लाटेवर ब्रिटिश मोटारींच्या विजेच्या सामानाची सर्वांत मोठी पुरवठादार बनली.

डायनामोची रचना समजून घेतल्याखेरीज त्याच्या दुरुस्तीचें मर्म कळावयाचें नाहीं. यांत चुंबकीय ध्रुव बाहेरच्या कवचाला पक्के बसविलेले असतात आणि तारांनीं गुंडाळलेलें आर्मेचर त्यांच्यामध्यें फिरतें. निर्माण होणारी सर्वच्या सर्व वीज या फिरत्या आर्मेचरमधून बाहेर आणावी लागते. त्यासाठीं आर्मेचरच्या एका टोकास कॉम्युटेटर असतो. तांब्याच्या पट्ट्या आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमध्यें अभ्रकाची फांक, असा त्याचा आकार. आणि त्यावर कार्बनचे दोन ब्रश स्प्रिंगच्या दाबानें टेकलेले. ब्रश झिजावेत म्हणून तर ते कार्बनचे केलेले असतात. मऊ वस्तूनें झिजावें आणि महाग वस्तु वांचावी, हा त्यांतील साधा व्यवहार आहे. कॉम्युटेटरवर चरे पडले तर तो लेथवर धरून हलकासा कांतावयाचा आणि मग करवतीच्या घांसलेल्या पात्यानें पट्ट्यांमधील अभ्रक किंचित् खोल उतरवावयाचें. मागच्या टोकास सच्छिद्र ब्रॉन्झचा बुश असतो. नवा बुश बसविण्यापूर्वीं तो चोवीस तास स्वच्छ पातळ तेलांत बुडवून ठेवावा, असें लुकासच्या पुस्तिकांतून बजावलेलें असे. आर्मेचर जळलें तर तें पुन्हां गुंडाळतां येई. यांतील एकहि गोष्ट चांगल्या मिस्त्रीच्या आवांक्याबाहेरची नव्हती. डायनामो उघडला म्हणजे त्याचें सारें अंतरंग डोळ्यांना दिसे आणि हातांना समजे.

परंतु त्याच्या अंगीं एक जन्मजात उणीव होती. सगळा प्रवाह ब्रशांतून न्यावयाचा असल्यामुळें त्याच्या शक्तीला मर्यादा पडे. ब्रिटिश गाड्यांवर सर्रास दिसणारा लुकासचा सी ४० हा डायनामो सुमारे २२ अँपिअरच देई. फार वेगानें फिरविला तर आर्मेचरवरील तारा उसळून बाहेर पडण्याची भीति, म्हणून पुली मोठी ठेवावी लागे. आणि पुली मोठी ठेवली म्हणजे गाडी गर्दींत थांबत थांबत चालली असतां डायनामो बॅटरीस कांहींच देऊं शकत नसे. शहरें वाढलीं, गाड्यांची दाटी झाली, गाडींत रेडिओ आणि उष्णतेचीं उपकरणें आलीं, तसतशी ही उणीव असह्य होत गेली.

उपाय माहीत नव्हता असें नाहीं. चुंबक फिरवावा, वेटोळीं स्थिर ठेवावींत, म्हणजे मोठा प्रवाह फिरत्या सांध्यांतून न्यावाच लागत नाहीं. ब्रशांना फक्त चुंबकास चेतविणारा दोन-तीन अँपिअरचा प्रवाह पोंचवावा लागतो. हाच अल्टरनेटर. अडचण एवढीच होती, कीं त्यांतून निघणारा प्रवाह प्रत्यावर्ती, म्हणजे क्षणोक्षणीं दिशा पालटणारा असतो, आणि तसला प्रवाह बॅटरींत सांठवितां येत नाहीं. त्याला एका दिशेस वळविणारे सेलेनियमच्या पट्ट्यांचे संच होते. परंतु ते आकारानें अवजड आणि उष्णतेपुढें नाजूक. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत बस, रुग्णवाहिका आणि पोलिसांच्या गाड्या यांवर तसले अल्टरनेटर बसविले जात. घरगुती गाडीस ते परवडण्यासारखे नव्हते. १९५० नंतरच्या दशकांत सिलिकॉनचा डायोड स्वस्त आणि भरवंशाचा झाला, आणि कोंडी फुटली. डायोड म्हणजे विजेच्या वाटेवरील एकतर्फी दरवाजा. असे बोराएवढे सहा दरवाजे अल्टरनेटरच्या पोटांतच बसवितां येऊं लागले. क्रायस्लर कंपनीनें १९६० सालच्या व्हॅलियंट गाडींत अल्टरनेटर प्रथमच नित्याचा भाग म्हणून दिला. ब्रिटनमध्यें जॅग्वारच्या ४.२ लिटर ई-टाइपवर तो १९६४ मध्यें आला, एम.जी.बी.वर १९६७ मध्यें. जर्मन फोक्सवॅगन बीटलला त्यासाठीं १९७३ पर्यंत थांबावें लागलें.

आज ज्या गाड्यांना अभिजात म्हणून गौरविलें जातें त्यांतील पुष्कळशा नेमक्या या संक्रमणकाळांतल्या आहेत, आणि त्यांचाच संसार सर्वांत अवघड आहे. डायनामो इतका साधा, कीं त्याचा भाग कोठेंहि घडवितां यावा. पुढच्या काळांतील अल्टरनेटर इतके सार्वत्रिक, कीं त्यांचे भाग कोठेंहि मिळावेत. या दोहोंच्या मधल्या यंत्रांना मात्र ना धड पूर्वज ना धड वारस. जॅग्वारच्या १९६४ च्या गाडीवरील लुकासचा ११ एसी हा अल्टरनेटर घेतला तर हें सहज पटेल. पुढें रेग्युलेटर अल्टरनेटरच्याच पाठींत बसविला गेला. परंतु येथें तो अद्याप निराळ्या डब्यांत होता. ४ टीआर या नांवाच्या त्या डब्यांत जुन्या कंप पावणाऱ्या संपर्कांच्या जागीं ट्रान्झिस्टर होते. चुंबकाला प्रवाह देणारा ६ आरए हा रिले दुसऱ्या डब्यांत. आणि वीज भरली जात आहे कीं नाहीं हें सांगणारा लाल दिवा चालविण्यासाठीं ३ एडब्ल्यू नांवाची तिसरी एक डबी. तिच्यांत तापून लांबणारी एक बारीक तार. ही तिसरी डबी दिसावयास वळणाचा दिवा लुकलुकविणाऱ्या डबीची जुळी बहीण. इतकी, कीं गोंधळ होऊं नये म्हणून कारखान्यानें तिच्यावर हिरवी चिठ्ठी चिकटविली आणि दुरुस्तीच्या पुस्तिकेंत तशी ताकीदहि छापली. चिठ्ठी कागदाची. पन्नास-साठ वर्षांच्या उष्णतेंत आणि तेलांत ती टिकली नाहीं, तर पुढच्या हातांना ती डबी कसली हें कळावयाचें कसें?

येथेंच झीज आणि हरवणूक यांतील अंतर उघड होतें. ११ एसीचे ब्रश झिजले तर नवे मिळतात. बेअरिंगें झिजलीं तर त्यांचीं मापें ठरलेलीं असल्यामुळें तींहि मिळतात. ज्याची झीज अपेक्षित होती त्याचें माप जगानें जपून ठेवलें. पण पुली हरवली म्हणजे केवळ एक चाक हरवत नाहीं. इंजिनाच्या एका फेऱ्यास अल्टरनेटरनें किती फिरावें, हें गणित तिच्याबरोबर जातें. लहान पुली बसविली तर यंत्र मर्यादेबाहेर पळतें, मोठी बसविली तर बॅटरी उपाशी राहते. पुलीमागचा पंखा हरवला आणि त्याजागीं उलट्या पात्यांचा बसला, तर डायोडांना हवा मिळत नाहीं आणि ते तापून मरतात. आंसावरील अर्धचंद्राकार चावी, दोन कानांमधील योग्य जाडीची नळी, यांसारख्या क्षुल्लक वस्तूंच्या अभावीं पुली रेषेंतून सरकते. मग पट्टा एका अंगानें खाल्ला जातो आणि नवें कोरें बेअरिंगहि लौकरच कुरकुरूं लागतें. मालक म्हणतो, बेअरिंग वाईट निघालें. वस्तुतः वाईट निघालेली असते ती कोणीतरी, केव्हांतरी, कोपऱ्यांत टाकून दिलेली अर्ध्या इंचाची नळी.

दुसरें संकट हाताच्या संवयींचें. डायनामोवर हयात घालविलेले कारागीर अल्टरनेटर उघडूं लागले तेव्हां त्यांची विद्याच कित्येकदां यंत्राच्या जिवावर उठली. कॉम्युटेटर लेथवर कांतावयाचा हा त्यांचा नेम. परंतु अल्टरनेटरच्या आंसावर ब्रश टेकतात त्या तांब्याच्या गुळगुळीत कड्या कांतूं नयेत, केवळ बारीक कांचकागदानें पुसून स्वच्छ कराव्यात, असें कारखान्याचें सांगणें होतें. कारण कांततांना त्या किंचित् जरी केंद्राबाहेर गेल्या तरी मोठ्या वेगाच्या वेळीं ब्रश उडूं लागतात. डायनामो कोणत्याहि दिशेच्या बॅटरीस निमूटपणें जुळवून घेई. क्षणभर प्रवाह देऊन त्याची चुंबकता फिरविली कीं काम झालें. अल्टरनेटरला बॅटरी उलटी जोडली तर सहाच्या सहा डायोड त्याच क्षणीं जळूं शकतात. आणि त्या वेळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोक गाडीच्या अंगास जोडलेलें असे, तर अल्टरनेटरबरोबर ऋण टोक जोडण्याची पद्धति आली; एम.जी.बी.वर हे दोन्ही बदल १९६७ मध्यें एकदमच झाले. चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढून डायनामो तपासणें हीहि अशीच एक जुनी खोड. अल्टरनेटरवर ती केली तर दाब एकदम उसळून डायोडांचा घांस घेतो. डायोड बदलतांना डाख देण्याचें कामसुद्धां चिमट्यानें उष्णता शोषून घेत झटपट उरकावें लागतें. ज्यांनीं हें नवें व्याकरण शिकून घेतलें ते तरले. इतरांनीं 'या यंत्रांत कांहीं दम नाहीं' असा शेरा मारून मूळ यंत्रें भंगारांत टाकलीं. कित्येक मूळ अल्टरनेटर झिजून गेले नाहींत. ते अशा गैरसमजुतीनें गेले.

पुढें यंत्र घडविणाऱ्यांचाहि काळ संपला. लुकासची पेढी १९९६ मध्यें अमेरिकेंतील व्हॅरिटी कंपनींत मिळाली, आणि १९९९ मध्यें ती जोड-कंपनी टी.आर.डब्ल्यू. या उद्योगानें विकत घेतली. मूळ कारखाना असा पडद्याआड गेल्यावर जुन्या भागांचा पुरवठा जुन्या शिलकेवर, भंगारांतून काढलेल्या यंत्रांवर आणि लहान कारखान्यांनीं नव्यानें घडविलेल्या प्रतिकृतींवर येऊन ठेपला. यांतूनच जतन करणाऱ्यांमध्यें दोन पंथ पडले. एक पंथ म्हणतो, गाडी रस्त्यावर चालली पाहिजे. नव्या काळचा अल्टरनेटर बसवा आणि निर्धास्त व्हा. दुसरा म्हणतो, कवचावर ठोकलेला क्रमांक आणि घडणीच्या काळाचा आंकडासुद्धां गाडीच्या वयाशीं जुळला पाहिजे. या दोहोंमधून तिसरी वाट निघाली आहे. जुन्या ४ टीआरच्या डब्यांत नवा रेग्युलेटर दडवावा, किंवा डायनामोच्याच आकाराच्या कवचांत अल्टरनेटर बसवावा, म्हणजे रूप जुनें आणि बळ नवें.

या वादाला तात्त्विक बैठक देण्याचा प्रयत्न १९६६ मध्यें स्थापन झालेल्या फिवा या जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानें २०१२-१३ च्या सुमारास केला. १९६४ सालची व्हेनिसची सनद जुन्या वास्तूंच्या जतनासाठीं झाली होती; तिच्या धर्तीवर जुन्या वाहनांसाठीं ट्यूरिनची सनद तयार करण्यांत आली. तिचें सार थोडक्यांत असें, कीं हस्तक्षेप शक्य तितका कमी असावा. जो करावा तो ओळखूं येण्यासारखा आणि पुन्हां फिरवितां येण्यासारखा असावा. आणि काढलेला महत्त्वाचा मूळ भाग गाडीबरोबरच राहावा. म्हणजे नवा अल्टरनेटर बसविणें हें पाप ठरत नाहीं. जुना फेंकून देणें हें मात्र ठरतें.

महाराष्ट्राला हा इतिहास परका नाहीं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट गाड्या बाहेर पडल्या. त्यांचीच पुढें प्रीमियर पद्मिनी झाली. उत्तरपाड्याची अँबॅसिडर २०१४ पर्यंत निघत राहिली. विजेच्या सामानासाठीं लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ मध्यें मद्रासला उभी राहिली. बर्मिंगहॅमचें मूळ घर मोडल्यावरहि लुकास हें नांव तिच्या रूपानें येथें चालत राहिलें. स्वातंत्र्योत्तर काळांत परदेशी मोटारींच्या आणि त्यांच्या भागांच्या आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळें, ज्यांच्या घरीं इंग्रजी वा अमेरिकन गाडी होती त्यांना मिस्त्रीच्या अकलेवरच विसंबावें लागे. एका गाडीचा ब्रश घांसून दुसरीस बसविणें, बुश कांतून घेणें, आर्मेचर गुंडाळून घेणें, मुंबईच्या चोरबाजारांत जुन्या लोखंडाच्या ढिगांतून नेमकी पुली हुडकणें, ही त्या काळची नित्याची विद्या होती. तिनें शेंकडों गाड्या वांचविल्या, हें निर्विवाद. परंतु केलेल्या फेरफाराची नोंद ठेवण्याची चाल नसल्यामुळें, मूळ काय होतें याची आठवणहि तिनेंच पुसून टाकली.

आतां त्या आठवणीला किंमत आली आहे. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळें ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली, आणि कालपर्यंतची रोजची गाडी एकाएकीं जतनाची वस्तु बनली. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या आणि सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या गाड्यांना 'विंटेज' म्हणून निराळी नोंदणी दिली. त्यांच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें असतात; नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षें. मूळ स्वरूप म्हणजे काय, हा आजवर हौशी मंडळींचा असलेला प्रश्न अशा रीतीनें कायद्याच्या भाषेंत शिरला आहे. त्याचें उत्तर मोठ्या अंगांविषयीं नियमांत सांपडेल. लहान अंगांविषयीं तें मालकाच्या प्रामाणिकपणांतच शोधावें लागेल.

त्या प्रामाणिकपणाला खर्च फार नाहीं. अल्टरनेटर उतरविण्यापूर्वीं तारांचे रंग आणि टर्मिनलें यांचें एक रेखाटन करावें. चावी, वॉशर, नळी एकत्र डबींत बांधून ठेवावीं. पुलीचा व्यास आणि पट्ट्याची रुंदी वहींत उतरवावी. नवा भाग बसविला तर तो कोणता आणि केव्हां, हें लिहून ठेवावें. आणि जुना भाग, निकामी असला तरी, गाडीबरोबर पुढच्या मालकास द्यावा. निकामी भागांतहि त्याचें माप जिवंत असतें, आणि माप जिवंत असेपर्यंत कोणी ना कोणी लेथवर उभा राहून तो पुन्हां घडवूं शकतो. झीज ही यंत्राची नियति आहे; तिच्यावर कारखान्यानें ब्रशाच्या रूपानें तोड काढूनच ठेवली होती. हरवणूक ही माणसाची हयगय आहे, आणि तिच्यावरची तोड माणसाच्याच हातीं आहे.